साहेब लाइनवर आहेत

हसू नका यारो, पण सरकारपुढे आमच्या काकाएवढं वाकणारा माणूस अख्ख्या गौलीगुडा मोहल्ल्यात सापडणार नाही. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर त्याला पेन्शन मिळाली, कणा काही परत मिळाला नाही.

त्याचा मुलगा, म्हणजे माझा मंदारदादा, आखातात इलेक्ट्रिशियन. तिकडे लढाई पेटली, कंपनीचे मालक पळाले आणि दादा कामगारांच्या कॅम्पात अडकला. मी एका मोबाइलवर दादाला स्पीकरवर ठेवलं, दुसऱ्यावरून दिल्लीचा मदतीचा नंबर लावून तोही स्पीकरवर काकाच्या हातात दिला. साहेबाचा आवाज येताच काका चपला काढून उभाच राहिला.

"सर, माफ करा, माझ्या मुलामुळे आपल्याला त्रास झाला."

तेवढ्यात दादाकडे धडाम झालं.

"हा आवाज कसला?" साहेबाने विचारलं.

"काही नाही सर, शेजारी लग्न आहे. फटाके." मग दादाच्या फोनवर वाकून दबक्या आवाजात, "मंद्या, तिकडचा आवाज कमी कर, साहेब लाइनवर आहेत!"

मी फोन हिसकावला. "साहेब, बॉम्ब होता तो! त्याला परत कधी आणणार?"

साहेब म्हणाला, "सरकार परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहे. तोवर त्याला सांगा, खिडकीपासून लांब राहा."

"ऐकलंस?" काका दादावर खेकसला. "खुद्द सरकार सांगतंय!"

"ऐकलं बाबा. पण खिडकी आत्ताच उडून माझ्या अंगावर पडलीय. साहेबांना विचारा, आता कोणी कोणापासून लांब राहायचं?"