दंडारीतल्या राणीचा पदर

पवनीच्या एसटी स्टँडवर म्हातारे दादाजी डोळे मिटून बसले होते. कान मात्र शेजारच्या दोघी बायांकडं.

"पोरी आता व्हिडिओ पाहून केस कापून राहिल्या वं, धुरपता."

"आपन का कमी होतो? आसगावच्या दंडारीतली रानी पाहून पदर घ्याले शिकलो."

"माही सासू वरडे, हा कोन्या नाटकवालीचा पदर होय?"

"नाटकवाली कायची! मिशा काढलेला गडी होता तो."

"पन तसा पदर मले अजून नाही जमला. कुठी असन आता तो?"

"असन कुठी नातवंडं खेळवत."

गाडी लागली.

"बाबाजी, सरका जरासे."

दादाजी उठले. धोतर सावरताना सवयीनं हात खांद्यावर गेला आणि नसलेला पदर त्यांनी अलगद मागं टाकला.

"धुरपता, पाह्य वं!"