झिलूचं चुकलेलं गाऱ्हाणं

(जोयड्याचा दवाखाना, १९६२. दिग्गी गावचा म्हातारा झिलू बाहेर बाकावर बसला आहे. आत त्याचा मुलगा लाडू डॉक्टरांसमोर उभा आहे. खुर्ची दिली तरी तो बसलेला नाही.)

डॉक्टर : दुसऱ्यांदा विचारतोय, लाडू. वडील दारू पितात की नाही?

लाडू : कागदावर काय लिवलंय तुमी?

डॉक्टर : अजून काहीच नाही. तुम्ही सांगाल ते लिहीन.

लाडू : न्हाई पीत. जल्मात थेंबाला शिवला न्हाई. गावासाठी देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस हाय त्यो.

डॉक्टर : मग मघाशी जीपमधून उतरताना तुमच्या गावचा तो माणूस का म्हणाला, पिऊन पिऊन डोकं गेलंय म्हणून?

लाडू : त्याला मीच सांगितलंय. त्याला म्हंजे, सगळ्या गावाला.

डॉक्टर : बसा आधी. आता नीट सांगा.

लाडू : सुगीच्या पूजेला देवाच्या रानात गाव जमतंय. शीवेवरच्या बारा देवांची नावं घ्याय लागत्यात, एका दमात, एकामागनं एक. आमच्या घराचा मान हाय त्यो. लिवून ठेवायचं न्हाई, बापानं पोराला तोंडीच शिकवायचं. तीस वरसं बा न चुकता बोलला. औंदा पाचव्या नावाला थांबला. पुन्हा पहिल्यापासनं धरलं, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा माझ्याकडं बघितलं त्यानं.

डॉक्टर : तुम्हाला येत होतं ते नाव?

लाडू : येत हुतं. त्यानंच शिकवलेलं.

डॉक्टर : मग?

लाडू : मी म्हटलं, बा पिऊन आलाय.

डॉक्टर : अरे, का पण?

लाडू : माझ्या पोरीला, पुतळीला बघाय आलेले कुंभारवाड्याचे पाव्हणे तिथंच उभे हुते. आमच्या नागू आजाचं बी आसंच झालेलं, डाक्टर. आदी नावं इसरला, मग घरची वाट. शेवटाला आमी त्याला गोठ्यात बांधून ठेवलं. दाव्याची गाठ मी मारलीया, ह्या हातानं. बारा वरसांचा हुतो. तवापासनं लोक म्हणत्यात, त्या घरात खूळ हाय. प्यालेल्या माणसाला गाव माफ करतंय. खुळ्याच्या घरची पोर कोण करंल?

डॉक्टर : खूळ नाहीच हे. रक्तदाब फार चढलाय त्यांचा, कित्येक वर्षं चढलेला असणार. त्यानं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, मेंदूला रक्त कमी पोचतं. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी गेलं नाही की रोप सुकतंच ना, तसं. नवीन शिकवलेलं डोक्यात राहत नाही, मग जुनंही सुटायला लागतं.

लाडू : आजाकडनं आलं हे दुखणं?

डॉक्टर : बापाचं नाक मुलाला येतं, तसा रक्तदाबाचा कलही घराण्यातून येऊ शकतो. तुमच्या नागू आजोबांनाही तेच असावं. पण येईलच असं नाही. आणि वेळीच कळलं तर आवरता येतं. तुमचाही दाब मी आज बघणार आहे.

लाडू : बघा. आणि बाचं?

डॉक्टर : सर्पगंधाच्या गोळ्या देतो, मीठ कमी करा. गेलेलं परत येईल असं खोटं सांगणार नाही. राहिलंय ते सांभाळू. बोलवा त्यांना आत.

लाडू : बा, ये. हितं बस.

डॉक्टर : आजोबा, दारू पिता का?

झिलू : पितो जनू.

डॉक्टर : म्हणजे?

झिलू : मला काय आठवत न्हाई बघा. तिची चव बी ठाव न्हाई. पर लाडूनं देवाम्होरं सांगितलं. देवाम्होरं त्यो खोटं कशाला बोलंल? मुंडासं उतरून नाक घासलं मी. मान बी सोडला.

लाडू : बा, तू प्यालेला नव्हतास.

झिलू : आँ?

लाडू : मी खोटं बोललो. मला ते नाव येत हुतं आणि मी तुला सांगितलं न्हाई. मला लाज वाटती बा, तुझ्याकडं बघवत न्हाई.

झिलू : नव्हतो व्हय प्यालेलो?

लाडू : न्हाई.

झिलू : मग रडतोस कशाला? बरं झालं सांगितलंस. जिवाला लई खात हुतं.

डॉक्टर : हात पुढे करा आजोबा, पुन्हा एकदा दाब बघू. सैल सोडा. बोलू नका थोडा वेळ. हां, झालं. आता लाडू, तुमचा हात. शर्टाची बाही वर घ्या. तुमचाही जरा जास्तच आहे, पण अजून आवरता येण्यासारखा आहे. आजोबा, तुम्हाला काही विचारायचंय?

झिलू : येकच. दारू सोडायचं काय औशद हाय का तुमच्याकडं? माझ्यापायी ह्या पोराला गावात मान खाली घालाय लागती.

लाडू : डाक्टर, आत्ताच सांगितलं की मी ह्याला.

डॉक्टर : पुन्हा सांगा. रोज सांगावं लागेल.

लाडू : सांगीन रोज. पर आदी गावाला सांगतो. कुंभारवाड्याच्या पाव्हण्यांना बी.

डॉक्टर : सोयरीक मोडेल कदाचित.

लाडू : मोडंल. पर बा प्यालेला नव्हता हे त्यांच्या ध्यानात तरी ऱ्हाईल.