पांढऱ्या घरातला उंट

नाही, तक्ता वाचा म्हटलं मी, भिंतीवरची फ्रेम नाही. बुद्धिबळ क्लबाला रविवारच्या सामन्यांत ती फ्रेम मिरवायला हवी आहे, समजलं, सेक्रेटरीसाहेब, पण आलाच आहात तर डोळे तपासून घ्या — फ्रेम कुठे पळून जात नाही, पंधरा वर्षं त्याच खिळ्याला आहे. ही काच बरी की ही? पहिली? वाटलंच. खालची ओळ? वा, एवढं दिसतं तर क्लबात रोज हरता कसे, देव जाणे.

तर फ्रेममधला तो कागद म्हणजे मी ग्रँडमास्टरला हरवलेला डाव, चाल न् चाल लिहिलेला. तीस पट, तीस जण बसलेले, आणि तो एकटा फिरत फिरत प्रत्येकाशी एकेक चाल खेळायचा. एकोणतीस जणांना धूळ चारली त्याने — शाळकरी पोरं, बँकेतले दोन साहेब, एक दातांचे डॉक्टर, ज्यांना वजीर गेल्याबरोबर दवाखान्यातला पेशंट आठवला. उरलो मी, चष्मेवाला. माझ्या मेहुण्याने टाळ्या वाजवल्या हो, ज्याचे हात एरवी फक्त जेवायला उठतात.

काय म्हणालात, चोविसावी चाल? उंट काळ्या घरात? थांबा, नंबर चुकला असेल, काच बदलतो. आता? अजून काळ्याच घरात. बरं. शेकडो लोक या खुर्चीत बसून छान छान म्हणून गेले आणि तुम्हालाच नेमकं दिसायचं होतं — मीच काच घातली, दोष कुणाला देणार. उंट तिरका चालतो, पांढऱ्या घरात जन्मला की पांढऱ्यातच मरतो, आणि काळ्या घरातला माझा उंट तर नवव्या चालीलाच गेला होता. झालं काय, ग्रँडमास्टर पार त्या टोकाला होता, मी आपला उंट उचलून इथे ठेवून बघ, तिथे ठेवून बघ — नियमात बसत नाही, पण करतात सगळे — तेवढ्यात तो आला, मी घाईत परत ठेवला, एक घर बाजूला. चुकून. तो चाल करून पुढे गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं. तोंड होतं की मला, नाही उघडलं. पुढच्या फेरीला त्याच उंटाने त्याचा वजीर मारला. त्याने पटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हात मिळवला, कागदावर सही केली. मोठा माणूस. मोठी माणसं फार छळतात.

याआधी एकीलाच दिसलं होतं. माझ्या मुलीला. नऊ वर्षांची होती, क्लबातल्या सगळ्या पोरांना लोळवून आलेली, जमिनीवर पट मांडून बाबांचा डाव लावत होती. म्हणाली, बाबा, हा उंट इथे कसा आला? आणि मी — धंदेवाईक माणूस — म्हटलं, बाळा, तुला नीट दिसत नाहीये. याच खुर्चीत बसवलं. तक्ता खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला तिने, आणि मी चष्मा दिला. नंबर काय विचारता — झिरो. साधी काच. दुसऱ्या दिवशी पट माळ्यावर गेला, म्हणाली, मला दिसत नाही ना. अभ्यासाला वेळ मिळाला, असं सांगतो मी लोकांना.

रविवारी एक पट रिकामा आहे, तिला बसवू, म्हणता? छे, ती नाही खेळत. चष्मा घालते की अजून, बारा वर्षं झाली, दर दोन वर्षांनी मीच नवा करून देतो. इथेच काउंटरवर असते. काचांच्या पाकिटावरचे बारीक आकडे वाचायचे झाले की चष्मा डोक्यावर चढवते आणि वाचते. ती फ्रेमसुद्धा रोज सकाळी तीच पुसते, चष्मा तसाच डोक्यावर —

किती वर्षं तशी पुसते आहे, कोण जाणे.

उठा आता. नंबर बरोबर आहे तुमचा, चष्मा गुरुवारी मिळेल. फ्रेमचं तिला विचारा. मी नाही, तुम्हीच विचारा — आणि त्या रिकाम्या पटाचंही. मी जरा आत जातो.