मांडव नाही हो, पर्गोला

…आणि मी काय चुकीचं बोललो ते मला अजून कळलेलं नाही. मांडव नाही हो, पर्गोला. एवढंच म्हणालो मी. त्यातला 'हो' तर निव्वळ नम्रतेचा. उभी हयात कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, वाक्यातून एकच अर्थ निघावा म्हणून पोरांच्या पेपरांवर लाल रेघा ओढल्या, आणि म्हातारपणी माझ्याच वाक्यातून आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीनं काय काढलं, तर… पण थांबा, मुळापासून सांगतो. मधूनच सांगितलं तर तुम्हीही गल्लीसारखंच कराल. तुमचा दोष नाही. माझ्याच सांगण्यात काही असेल. बघा, सुरुवातीलाच शंका.

तर आमची अनुजा. एकुलती एक, बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. वय सांगत नाही, कारण सांगितलं की तुम्ही म्हणणार, 'आणि अजून?' तो 'अजून'च सगळ्याच्या मुळाशी आहे. मागं एका दिवाळीला ती आठवडाभरासाठी म्हणून आली आणि तिसऱ्या दिवशी परत गेली. का? तर पुढच्या खोलीत जो येईल तो चकली मोडायच्या आधी विचारायचा, 'मग, यंदा तरी बार उडवायचा का?' मग दोन दिवाळ्या आलीच नाही. दोन दिवाळ्या आम्ही नवरा-बायको एकमेकांना फराळ वाढत बसलो. दोन हजार पाच साली तिचा फोन आला, 'बाबा, या खेपेला पंधरा दिवस येते. पण घरात लग्न हा शब्द निघाला की त्याच रात्रीच्या बसनं परत.' आणि ती बोलते ते करते. हा गुण तिनं माझ्याकडून घेतलेला नाही.

आता मला सांगा, बापानं काय करावं? येणाऱ्यांची तोंडं बांधता येत नाहीत. मग मी विचार केला, पुढच्या खोलीत माणसं येतात ना? येऊ देत. पोरीला मागं परसात बसायला जागा करू. तिथं ती, तिचा लॅपटॉप आणि पेरूचं झाड. कुणी आलं तर म्हणायचं, काम करतेय. दाताच्या डॉक्टरकडं एक इंग्रजी मासिक पडलेलं असतं, त्यात मी चित्र बघितलं होतं. घरामागं जमिनीपासून हातभर उंच फळ्यांचा कट्टा, त्याला डेक म्हणतात. त्यावर चार खांब, खांबांवर आडव्या पट्ट्या आणि पट्ट्यांतून पडणारं कवडशांचं ऊन. त्याला म्हणतात पर्गोला. चित्रात एक बाई पुस्तक वाचत होती आणि तिला कुणीही काहीही विचारत नव्हतं. मला ते फार आवडलं.

पण चित्रातलं लाकूड चित्रातच परवडतं. पेन्शनीत सागवान म्हटलं की वखारवालाच आपल्याकडं दयेनं बघतो. मग एक जुना विद्यार्थी आठवला, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखान्यात आहे. म्हणाला, 'सर, परदेशी मशिनं ज्या खोक्यांतून येतात, त्या फळ्या आम्ही जाळतो. घेऊन जावा.' टेम्पो भरून फळ्या आल्या. फळ्या चांगल्या, पण प्रत्येकीवर काळ्या रंगात बाण, छत्री आणि काचेचा पेला छापलेला. आमच्या मंडळींनी, म्हणजे चिमणाबाईंनी, पेल्यावर बोट ठेवून विचारलं, 'ह्यो काय? दारूचा?'

म्हटलं, 'तसं नाही, माल नाजूक आहे, जपून उचला, अशी ती खूण.'

'मग दारूचाच की,' म्हणाली आणि आत गेली.

खांबांसाठी हातकणंगल्याच्या मेव्हण्यानं बांधावरची निलगिरी तोडून दिली. फुकट मिळाली म्हणून मी खूष. आता तुम्ही म्हणाल, निलगिरीचे उंच, सोललेले, सरळ खांब आपण एरवी कुठं बघतो, ते तुमच्या लक्षात आलं नाही का? नाही आलं. तुमच्या आलं असतं. गल्लीच्या तर लगेच आलं.

सुतार कृष्णात. माणूस कामाला वाघ, बोलायला त्याहून. मी त्याच्यापुढं आराखडा ठेवला. तीन काढले होते, दोन फाडले, तिसऱ्याबद्दल खात्री नव्हती. त्यानं तो उलटा धरून बघितला आणि म्हणाला, 'वर छप्पर कुठाय?'

'छप्पर नाही. पर्गोला आहे.'

'मग पाऊस?'

'येणार.'

'ऊन?'

'तेही येणार. अर्धं.'

'मग सर, हे घालायचं कशाला?'

प्रश्न रास्त होता. दोन दिवस मी त्याचाच विचार करत होतो, तोवर त्यानं कट्ट्याच्या फळ्या ठोकूनसुद्धा टाकल्या.

मग आला पहिला खांब. खड्डा तयार, खांब आडवा, आणि कृष्णात हात बांधून उभा. म्हटलं, काय झालं? म्हणाला, 'नारळ द्या की सर. पयला खांब हाय, असा मोकळा रोवत न्हाईत.' मी तोंड उघडायच्या आत चिमणाबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन दारात. जणू महिनाभर दारामागंच उभी होती. आता मी विचारात पडलो. नको म्हणावं, तर माझा यावर विश्वास नाही म्हणून नको म्हणणार. विश्वास नाही म्हणजे यानं काही होत नाही असं मी मानतो. काही होत नसेल तर नको कशाला म्हणायचं? बरं, हो म्हणावं, तर… मी दुसऱ्या बाजूला पोचलो तोवर खांब उभा होता. वर आंब्याचा डहाळा, खाली हळदीची बोटं, आणि मधे पिवळ्या फडक्यात सुपारी-हळकुंड बांधलेलं. आणि हे सगळं आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरून चांगलं हातभर वर.

आता सांगा, मराठी मुलखात याला काय म्हणतात? मुहूर्तमेढ. लग्नाची. लहान पोरालाही कळतं. पीएच.डी.ला कळलं नाही.

शेजारच्या गच्चीवर झुंबरबाई कपडे वाळत घालत होत्या. हातातलं धोतर तसंच धरून त्यांनी विचारलं, 'सर, मांडव घातलासा व्हय? आन् आम्हांस्नी कळवायचंबी न्हाई?'

मी खालून सांगितलं, 'मांडव नाही हो, पर्गोला.'

त्यांनी धोतर कठड्यावर टाकलं. मग म्हणाल्या, 'आस्सं. बरं बरं.' आणि खाली उतरल्या. धोतर गच्चीवरच राहिलं. मला वाटलं, चला, समजलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी दूधवाला विचारतो, 'सर, दूध किती वाढवू?' म्हटलं, कशाला वाढवतोस? तर डोळा बारीक करून हसला. मग एक बँडवाला येऊन कार्ड देऊन गेला. मागच्या घरातले एक गृहस्थ रस्त्यात थांबवून म्हणाले, 'कानडी पावणं असलं म्हंजे भात जादा लागतोय बघा, आधीच सांगून ठेवतो.' मी म्हटलं, हो, कानडी माणसं भात खातात. मला वाटलं, हे सहज बोलतायत. कोल्हापुरात माणसं सहज बोलतात. मग संध्याकाळी चिमणाबाई गिरणीतून पिठाचा डबा घेऊन आली, डबा धाडकन ठेवला आणि म्हणाली, 'अवं, पर्गोला करतात काय?'

'पर्गोला करतात म्हणजे? बांधतात.'

'तसं न्हवं. पोटापाण्याला काय करतात? गिरणीत समद्याजणी विचारत्यात.'

'कोण करतात?'

'जावई.'

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मांडव नाही, पर्गोला. म्हणजे काय? मांडव नाही म्हणजे थाटाचं लग्न नाही. पोरीनं बेंगळूरला परस्पर जमवलंय. आणि पर्गोला हे नवऱ्या मुलाचं आडनाव! आता हसताय तुम्ही, पण मला तर्कदोष काढून दाखवा. तिकडं आडनावं असतातच तशी. मीच जर गल्लीत दुसरीकडं राहत असतो, तर मीही हेच अनुमान काढलं असतं, आणि त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

आणि अनुजा दोन दिवसांवर आलेली. मी तसाच झुंबरबाईंच्या दारात गेलो. म्हटलं, 'हे बघा, तुमचा गैरसमज झालाय. पर्गोला हा माणूस नाही.'

त्यांनी माझ्याकडं फार वाईट वाटून बघितलं. 'असं बोलू नगा सर. कानडी असला म्हणून काय झालं? माणूसच हाय की त्यो. पोरीनं पसंत केलाय, आता तुमी मन मोठं करा.' आणि वर मला चहा पाजला. मी प्यालो. नाही म्हणणं वाईट दिसलं असतं.

घरी येऊन कृष्णातला म्हटलं, काढ. सगळं काढ. खांब उपटून टाक. तो जागचा हलला नाही. 'मेढ रोवलीया, सर. कार्य झाल्याबिगर मांडव उतरवायचा न्हाई. पोरीला वंगाळ.'

'मांडव नाही, पर्गोला आहे.'

'त्येला कुठं म्हाईत हाय त्ये?' म्हणाला. खांबाबद्दल बोलत होता.

'बरं, मग राहू दे.'

'मोकळाबी ठिवायचा न्हाई. त्येबी वंगाळ.' आणि चिमणाबाई बाजूला उभी राहून मान हलवत होती. काढायचा नाही, ठेवायचाही नाही. याला आमच्या शास्त्रात शृंगापत्ती म्हणतात, दोन्ही शिंगांनी मारणारा बैल. वर्गात मी हे फार सुंदर शिकवायचो.

मग ठरवलं, अनुजाला स्टँडवरच गाठायचं आणि वाटेत सगळं सांगायचं. काय बोलायचं ते चारदा घोकलं. पहाटे स्टँडवर गेलो. बस आली, सगळे उतरले, अनुजा नाही. नंतर कळलं, गाडी आधी हायवेच्या पुलाखाली थांबली होती आणि ती तिथंच उतरून रिक्षानं घरी गेली. मी धापा टाकत परत आलो, तर रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी, झुंबरबाई रिक्षात डोकं घालून आत-बाहेर बघतायत, 'एकटीच आलीस व्हय गं? पर्गोला पावणं मागनं येत्यात?' आणि अनुजाचा चेहरा… तो चेहरा मला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी निघून गेली तेव्हाचा.

घरात आली. बॅग खांद्यावरच. बसली नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाली, 'बाबा, हा पर्गोला कोण?'

तुम्हाला सांगतो, घोकलेलं सगळं गेलं. मी दाताच्या डॉक्टरपासून सुरुवात केली. मग मासिक, मग ती पुस्तक वाचणारी बाई, कागल, पेला, निलगिरी, नारळ, दूधवाला, भात… ती ऐकत होती. बॅग खांद्यावर. मधेच मी म्हटलं, 'आता हे सगळं कुणी मुद्दाम केल्यासारखं दिसतं, ते मी नाकारत नाही.' चिमणाबाईनं कपाळाला हात लावला. अनुजा तशीच मागं परसात गेली. आम्ही मागोमाग. तिनं खांबावरचं पिवळं फडकं बघितलं, हळदीची बोटं बघितली, फळीवरचा पेला बघितला. परतीची बस रात्री किती वाजता सुटते, हे मला तेव्हा नको असताना आठवत होतं.

मग तिनं बॅग खाली ठेवली. कट्ट्यावर. आणि स्वतः बसली. म्हणाली, 'तुमच्यावर संशय नाही बाबा. तुम्हाला एवढं ठरवून कट रचता आला असता, तर आपल्याकडं फ्रिज चार वर्षं आधी आला असता.'

एवढं अपमानास्पद निर्दोषत्व कुणाला मिळालं नसेल. पण मी घेतलं.

'आता हे काढायचं की ठेवायचं?' तिनं विचारलं. मी शिंगांचं सांगितलं. तिनं विचार केला. किती वेळ? मला तेवढ्यात चष्माही पुसून झाला नसता. 'कार्यच पाहिजे ना? दिवाळीनंतर तुळशीचं लग्न असतंच. ते इथं लावा. गल्ली बोलवा. मेढही खूष, झुंबरबाईही खूष.' आणि लग्न हा शब्द घरात तिनं स्वतः काढला होता, हे मी तिला सांगणार होतो, पण चिमणाबाईनं माझ्या पायावर पाय दिला.

मग काय विचारता. कृष्णातनं खांबांना ऊस बांधले. दूधवाल्यानं न सांगता दूध वाढवलं. तुळशीच्या कुंडीला चिमणाबाईनं स्वतःचा खण नेसवला. सगळी गल्ली अक्षता घेऊन खोक्यांच्या फळ्यांवर उभी. वधूपिता मी. झुंबरबाईंनी पाटावरच्या बाळकृष्णाला निरखून बघितलं आणि अनुजाला हळूच विचारलं, 'ह्योच व्हय गं पर्गोला?' ती म्हणाली, 'हाच.' त्या म्हणाल्या, 'बेस हाय की.' मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी चष्मा काढून पुसायला लागलो. अनुजा कानाशी येऊन म्हणाली, 'बाबा, रोप आहे ते.' मला माहीत होतं रोप आहे. माहीत असून काय उपयोग?

ती पंधरा दिवस पुरे राहिली. रोज परसात बसली, अर्ध्या उन्हात. जाताना म्हणाली, 'पुढच्या दिवाळीला नक्की येते. फक्त तोवर काही बांधू नका.'

म्हटलं, नाही बांधत. आणि खरंच नाही बांधलेलं. चिमणाबाईच्या मनात आहे की मधल्या आडव्या वाशाला एक झोपाळा टांगावा, पोरगी आली की बसेल. झोपाळा आणलाय, कड्याही आणल्यात, कृष्णातही तयार आहे. पण मी सगळं माळ्यावर ठेवून दिलंय. कारण मी काहीही सांगितलं, कितीही नम्रपणे सांगितलं, तरी गच्चीवरून तो पाळणाच दिसणार.