मानेखालचा एक टाका

…आणि वर मलाच विचारता, "आजोबा, उसवलंत कशाला?" अहो, चूक होती म्हणून उसवलं! चूक दिसल्यावर डोळे मिटून बसणं माझ्या स्वभावात नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी स्वतः वाचून मिळवलेलं आहे. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलं ते पुस्तक वाचून, हिचा रक्तदाब मोजायला शिकलो तोही पुस्तक वाचून… पुस्तकात सगळं दिलेलं असतं, वाचणारा पाहिजे!

तर आमची ही अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, "फार तर महिना." आणि ही आतून काय विचारते? "अहो, गेले का ते? मग ती टोपली द्या इकडे." टोपलीत माझा स्वेटर. राखाडी. पाठ झालेली, पुढचा भाग झालेला, एक बाही झालेली, दुसरी कोपरापाशी अडलेली. बोटं चालेनात तिची. म्हणाली, "शेजारच्या वहिनींना सांगा, तेवढी बाही पुरी करतील."

वहिनींना? मी असताना?

आणलं विणकामाचं पुस्तक. सुलटा टाका, उलटा टाका, आकृती क्रमांक तीन… आकृतीतल्या बाईला दोनच हात होते, मला चार अपुरे पडत होते! पहिल्या दिवशी अकरा टाके घातले, मोजले तर चौदा भरले. हे तीन आले कुठून? लोकरवाला म्हणतो, "काका, सुई धरलीत की पाना?" आणि पलंगावरून हिचं अखंड चालूच, "किती आवळताय, अहो! लोकर आहे ती, पळून नाही जाणार."

पण एक गोष्ट कबूल करतो. पाचव्या-सहाव्या दिवशी हात बसला, आणि काय सांगू… ओळीमागून ओळ, सुयांची ती बारीक टिकटिक, मांडीवर वाढत चाललेली ऊब, आणि डोक्यात त्या डॉक्टरांचा 'महिना'सुद्धा नाही! पन्नास वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून एवढं सुख भोगत होती, आणि मी काय म्हणत होतो? "सुया जरा हळू वाजव, वाचतोय."

"गोडी लागली वाटतं?" तिने विचारलं.

"विषय अभ्यासण्याजोगा आहे," मी म्हणालो. याहून जास्त काय बोलणार?

बाही झाली. भाग जोडण्याआधी सगळं तपासलं. तपासल्याशिवाय मी पाकीटसुद्धा चिकटवत नाही. आणि सापडली! पाठीवर, गळ्याच्या खाली सहाव्या ओळीत, बरोब्बर मधोमध, सगळे टाके सुलटे आणि हा एकटा उलटा. मण्यासारखा वर आलेला! हिला दुपारची झोप लागली होती. म्हटलं, बिचारीची नजर चुकली असेल. दुरुस्त करून ठेवू, कळणारही नाही. सहा ओळी उसवल्या, निर्दोष विणल्या. पुस्तकात सगळं दिलेलं असतं!

जागी झाली, पाठ हातात घेतली आणि डोळे मिटूनच बोट फिरवलं. मधोमध आलं, थांबलं. पुन्हा फिरलं, पुन्हा थांबलं.

"इथला टाका कुठे गेला?"

"चुकला होता. काढला."

"काढलात?" आणि हसायला लागली हो! हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसू… "अहो, मुद्दाम घातलेला तो! लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत तुम्ही पुस्तकात डोकं खुपसून स्वेटर चढवलात आणि मागचं पुढे करून अख्खा बाजार फिरून आलात. तेव्हापासून प्रत्येक स्वेटरात घालते. बोटाला तो लागला की तुम्ही आपोआप फिरवून घेता."

"मला असं काहीही आठवत नाही."

"तुम्हाला कशाला आठवेल? ते खातं माझ्याकडे होतं." मग पाठ माझ्या हातात परत दिली. "आता मागचं-पुढचं विचाराल कुणाला?"

पुस्तकात… असो.

नऊ दिवसांनी गेली.

मग मी ट्रंक उघडली. सात स्वेटर निघाले. सातही उलगडले, आणि सातांच्याही मानेखाली, सहाव्या ओळीत, मधोमध… आणि इतकी वर्षं मी मात्र चारचौघांत सांगत होतो की शिस्त अंगात मुरावी लागते!

मुलगी म्हणाली, "बाबा, आतून एक गुंडी लावून टाका ना." गुंडी? छे! मी त्याच सहा ओळी पुन्हा उसवल्या आणि तो टाका चुकवला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मन लावून चूक केली, दोनदा मोजून केली, तीनदा तपासली. अगदी जागच्या जागी! फक्त… माझा हात घट्ट. तिचा टाका मण्यासारखा वर यायचा, माझा आत रुतून बसला. डोळ्यांना दिसतो, बोटाला लागत नाही. आणि डोळे माझे असतात पुस्तकात. ढिला हात कसा आणायचा, ते पानोपानी शोधलं. दिलेलं नाही.

आज तोच घालून आलोय. आता तुम्हीच बघून सांगा, बरोबर आहे ना?

…हसलात? म्हणजे मागचं पुढे आलंय. असू दे. आता इथून घरी जाईपर्यंत असंच.