दोन भाऊ, दोन पलटणी

राजधानी वागाडुगूच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन बायका नंबराची वाट बघत होत्या.

"तिपोकोमावशी, झोपेचं औषध घ्यायला आलात?"

"हो गं. थोरला मुलगा राष्ट्राध्यक्षांच्या पहाऱ्यावर, धाकटा लष्कराच्या छावणीत."

"दोघांनाही सरकारी नोकरी. नशीब काढलंत की."

"छावणीनं बंड केलं, तर पहाऱ्यावाल्यांनी गोळ्या घालायच्या. त्यासाठीच ती वेगळी पलटण."

"आणि पहाऱ्यावालेच उलटले तर?"

"मग छावणीनं घालायच्या."

"भाऊ भेटतात का एकमेकांना?"

"बंदी आहे. संगनमत होईल म्हणतात. थोरला रविवारी जेवायला येतो, धाकटा सोमवारी."

"काही बोलतात?"

"दोघंही एकच बोलतात. 'आई, त्याला नोकरी सोडायला सांग.'"

"मग सांगितलंत?"

"दोघांनाही सांगितलं. दोघंही म्हणाले, आधी त्याला सोडू दे."