वहीत लिहिलं निरंक

मागल्या श्रावणात, मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला आमच्या दूध शीतकरण केंद्रात अमोनियाचा वॉल्व्ह फुटला आन् गॅस नागनाथच्या डोळ्यांत गेला. आमी दोघं बेंबळी गावचे, अकरा वर्षं एकाच पाळीला, म्या अमोनियावर दूध गार करायच्या मशीनवर, तो दुधाच्या टाकीवर. मंगळवारी माझी सुट्टी व्हती, म्हणून तो मशीनवर गेला.

आधीच्या सुपरवायझरला सगळे काका म्हणायचे. काय सांगू तुम्हाला, तोंडानं लई फटकळ माणूस, पण पाळी सुरू व्हताना इचारायचे, काय बिघडलंय? जो बिघाड सांगंल त्याला पहिला चहा. नागनाथ मुद्दाम कायतरी हुडकायचा, दाराची कडी ढिली हाय म्हणायचा. काका म्हणायचे, चहापायी एक दिवस मशीन मोडशील रं तू.

काका रिटायर झाले, नवे साहेब आले. वरून त्यांनाबी दाब असंल, मला ठाव न्हाय. बिघाड सांगितला की म्हणायचे, तुझ्याच पाळीत कसा बिघडला? खुलासा लिहून दे. म्या एकदा पंपाचं सांगितलं, तर तीनदा खुलासा लिहून घेतला आन् सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावला. तवापासून बिघाड दिसला तरी म्या सांगायचं सोडलं. मग सगळेच बिघाडाच्या वहीत एकच शब्द लिहायला लागले, निरंक. म्हंजे काय बी न्हाय. साहेब खूश. उत्तम पाळी म्हणून आमची नावं भिंतीवर लावली.

त्या सोमवारी निघताना मला वास आला. वॉल्व्हजवळ, थोडासाच, पण डोळं झोंबलं. वही उघडली. पुन्हा खुलासा, पुन्हा ते वाचणं. म्या निरंक लिहिलं, सही केली, नागनाथच्याच गाडीवर मागं बसून घरी आलो. त्यालाबी बोललो न्हाय.

सोलापूरला ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याला दिसत न्हाय, उजव्याला नुसता उजेड कळतो. चौकशीवाल्यांनी वही बघितली आन् लिहिलं, गळतीची पूर्वसूचना न्हवती. साहेबांची बदली झाली.

दिवाळीनंतर नागनाथनं ओसरीवर मला इचारलं, आदल्या दिवशी तुला वास आला व्हता का रं?

म्या व्हय म्हणलं.

तो उठला, भिंत चाचपत आत गेला. त्यानंतर म्या चारदा त्याच्या दारात गेलो. तो बाहेर आला न्हाय.